तोतया, शपथ आणि रक्ताची साक्ष

जालना जिल्ह्यांतील परतूर हें आज तालुक्याचें, रेल्वेमार्गावरील एक साधें गांव आहे. १९८१ सालीं जालना जिल्हा नव्यानें निर्माण झाला, तेव्हां तें परभणीकडून जालन्याकडे आलें. परंतु मराठ्यांच्या इतिहासांत त्याचें नांव एका मोठ्या प्रस्थानाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं उदगिरीस निजामाचा पराभव झाला. त्याच सुमारास दत्ताजी शिंदे बुराडीच्या घाटीं पडल्याची वार्ता दक्षिणेंत आली. पुढील विचारासाठीं पेशव्यांची छावणी परतुरास एकत्र झाली, उत्तरेच्या मोहिमेचें आधिपत्य सदाशिवरावभाऊंकडे देण्याचें ठरलें, आणि १४ मार्च १७६० रोजीं भाऊसाहेब तेथून निघाले. नानासाहेब पेशव्यांची व त्यांची ही अखेरची भेट. परतूरहून निघालेले भाऊसाहेब परत आले नाहींत. परत आला तो त्यांचें नांव सांगणारा एक दुसराच मनुष्य.

ह्या तोतयाची कथा मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. न. चिं. केळकरांनीं १९१३ च्या सुमारास तिच्यावर 'तोतयाचे बंड' हें नाटक लिहिलें. येथें ती पुन्हां काढण्याचें प्रयोजन निराळें आहे. हा मनुष्य कोण, हा कोणाचा पुत्र, असा प्रश्न उद्भवला असतां पूर्वीच्या समाजाजवळ तो सोडविण्याचीं साधनें कोणतीं होतीं, आणि आज डीएनए परीक्षा म्हणून जें साधन आपल्या हातीं आलें आहे, त्यावर किती व कोणत्या अटींवर विश्वास ठेवावा, ह्याचा विचार ह्या कथेच्या आधारें चांगला करतां येतो. आज हा प्रश्न राजघराण्यांपुरता राहिलेला नाहीं. पोटगीच्या दाव्यांत, वारसाहक्काच्या तंट्यांत, आणि कित्येकदां केवळ मनांतील किल्मिषामुळें तो सामान्य गृहस्थाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. आणि त्याच्या उत्तरावर बहुधा एका अजाण बालकाचें सारें आयुष्य अवलंबून असतें.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर काय घडलें तें सर्वश्रुत आहे. रणांत पडलेल्यांत भाऊसाहेबांचा देह शोधण्याचें काम शुजाउद्दौल्याच्या पदरच्या मंडळींनीं केलें, आणि त्यांपैकीं काशीराज पंडितानें पुढें त्याचा वृत्तांत लिहून ठेवला. जो देह सांपडला त्याला शिर नव्हतें. तेव्हां भाऊसाहेबांस जवळून ओळखणाऱ्या पंडितांस आणून त्यांच्याकडून देहावरील खुणा पाहविण्यांत आल्या. मुजफरखान गारद्याच्या चिथावणीनें पूर्वीं झालेल्या हल्ल्यांतील पाठीवरील जखमेचा वण ही त्यांतील मुख्य खूण. दुसऱ्या दिवशीं शिरही मिळालें, व ब्राह्मणांकरवीं अग्निसंस्कार झाला. परंतु जी खूण पाहून खात्री करावयाची, ती खूण चितेंत भस्म झाली. पुण्यास पोंचली ती केवळ ऐकीव वार्ता. मोहिमेंत भाऊसाहेबांबरोबर गेलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई सुखरूप परत आल्या. परंतु पतीचा मृत्यु त्यांनीं मानला नाहीं, व १७८३ सालीं देह ठेवीपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. प्रत्यक्ष पत्नीचें मन जेथें संशयांत होतें, तेथें इतर जनांचें काय सांगावें ? तोतयास रान मोकळें होतें.

बुंदेलखंडाकडील सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच सदाशिवरावभाऊ असें सांगूं लागला. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत त्यास धरून पुण्यास आणलें, चौकशी झाली, तो तोतया ठरला, व त्याची रवानगी किल्ल्यावर कैदेंत झाली. प्रकरण येथेंच संपावयाचें. पण १७७६ सालीं, माधवराव व नारायणराव दोघेही काळाच्या पडद्याआड गेले असतां, तोच मनुष्य रत्नागिरीच्या किल्ल्यांतून तेथील अंमलदाराच्या संमतीनें बाहेर पडला. कोंकणांतील किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हातीं आले. त्याच्याभोंवतीं जमलेल्या फौजेचा आकडा ग्रँट डफनें वीस हजार दिला आहे. महादजी शिंदे व भिवराव पानसे ह्यांनीं त्याचा मोड केला, रघूजी आंग्र्यांनीं त्यास पकडलें, आणि पुण्यास पुन्हां एकदां चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहान्त शासन झालें.

ह्या प्रकरणांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी, कीं पहिल्या चौकशीचा निर्णय खरा असूनही लोकांच्या मनांत तो ठसला नाहीं. भाऊसाहेबांस प्रत्यक्ष पाहिलेले शेंकडों लोक त्या वेळीं पुण्यांत हयात होते. स्वतः नाना फडणीस त्यांच्याच छायेंत वाढलेले व पानिपताहून वांचून आलेले होते. पण साक्ष देणारे कारभाऱ्यांच्या कह्यांतील, निर्णय देणारे कारभाऱ्यांनीं नेमलेले, आणि भाऊसाहेब परत आले तर ज्यांची सत्ता जावयाची तेही कारभारीच ! अशा स्थितींत नानांचा जो जो विरोधक, त्याला त्याला तोतया खरा वाटूं लागला. पुरावा सबळ असणें निराळें, आणि तो निःस्वार्थ हातांतून आलेला आहे अशी लोकांची खात्री असणें निराळें. पहिल्यानें सत्य ठरतें. दुसऱ्यावांचून तें सत्य लोकांच्या पचनीं पडत नाहीं.

शपथेची गत तर ह्याहून वाईट. शाहूमहाराजांस पुत्र नव्हता. ताराबाईंनीं आपला गुप्तपणें वाढविलेला एक नातू असल्याचें सांगितलें, आणि डिसेंबर १७४९ मध्यें महाराज वारल्यावर तोच रामराजा ह्या नांवानें साताऱ्याच्या गादीवर आला. ताराबाईंनीं फौजेच्या समक्ष त्याच्यासह भोजन केलें व त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचें सांगितलें, असें ग्रँट डफ लिहितो. वर्ष लोटलें नाहीं तों बेबनाव झाला, १७५० च्या नोव्हेंबरांत त्यांनींच रामराजास कैद केलें, आणि सप्टेंबर १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबासमोर शपथ वाहिली कीं, हा आपला नातू नव्हेच ! एकाच मुखांतून, एकाच मनुष्याविषयीं, परस्परविरुद्ध अशा दोन शपथा निघाल्या. त्यांपैकीं एक खोटी असलीच पाहिजे. पण कोणती, हें शपथेवरून कळण्यास मार्ग नाहीं. आणि गंमत अशी, कीं दुसऱ्या शपथेनें रामराजाची गादी गेली नाहीं. १७७७ च्या अखेरीस मरण येईपर्यंत छत्रपति म्हणून तोच राहिला. समाजानें एकदां ज्याला वारस म्हणून स्वीकारलें, त्याला काढून टाकण्यास एका आजीची शपथ पुरी पडली नाहीं.

तिसरें उदाहरण सवाई माधवरावांचें, आणि पितृत्वाचा प्रश्न त्यांत अगदीं उघड रूपानें आला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. कारभाऱ्यांनीं त्यांस पुरंदरावर नेऊन ठेविलें. सोबतीस ह्याच पार्वतीबाई होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुत्र झाला, व चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. गादीवर डोळा ठेवून बसलेल्या रघुनाथरावांच्या पक्षानें, मूल नारायणरावांचें नव्हे, तें बदललेलें आहे, अशी हूल उठविली, व मुंबईकर इंग्रजांनीं ती सोयीस्करपणें ऐकून घेतली. आतां साधा हिशेब पाहा. खुनापासून जन्मापर्यंत २३१ दिवस होतात. पुढें शंभर वर्षांनीं त्याच इंग्रजांनीं ह्या देशास जो १८७२ चा पुराव्याचा कायदा दिला, त्याच्या ११२ व्या कलमांत पतीच्या मृत्यूनंतर, मातेनें पुनर्विवाह केलेला नसतां, २८० दिवसांच्या आंत झालेलें मूल औरसच मानावें असा नियम आहे. त्या मापानें सवाई माधवरावांच्या औरसपणास बाध आणण्यास जागाच उरत नाहीं.

आपले स्मृतिकार ह्या बाबतींत बेसावध नव्हते. लेख, भोग आणि साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें आधीं पाहावीं, व त्यांचा अभाव असेल तरच दिव्याकडे वळावें, असा याज्ञवल्क्याचा क्रम आहे. तुला, अग्नि, जल, विष व कोश हीं पांच दिव्यें तो सांगतो. मराठी राज्यांत वतनाच्या तंट्यांत कढत तेलांतून धातूचा तुकडा काढण्याचें रवादिव्य चालत असे, आणि हात भाजला कीं नाहीं ह्यावर वंशपरंपरेचे निवाडे होत. आज आपण त्यास हंसतों. परंतु त्याच्या मुळाशीं असलेली तळमळ हंसण्याजोगी नव्हे. माणसें खोटें बोलतात, कागद बनावट होतात, म्हणून ज्याला कोणाचाही पक्ष नाहीं असा साक्षीदार त्यांना हवा होता. तो त्यांनीं अग्नींत व पाण्यांत शोधला. तो होता प्रत्येकाच्या रक्तांतच.

रक्ताची ही साक्ष वाचावयास मनुष्य हळूहळू शिकला. विसाव्या शतकाच्या आरंभीं लँडस्टायनरनें रक्तगट शोधून काढले, आणि ते आईबापांकडून मुलाकडे नियमानें येतात हें पुढें सिद्ध झालें. पण ह्या परीक्षेला फक्त 'नाहीं' म्हणतां येई. अमुक पुरुष पिता असणें शक्य नाहीं एवढें ती सांगे. अमुकच पिता आहे असें सांगण्याची शक्ति तिच्यांत नव्हती, कारण एका गटाचे पुरुष लाखों असतात. तिचें 'नाहीं' देखील सर्वथा निर्दोष नव्हतें, हें दाखविण्याचा मान आपल्या मुंबईकडे येतो. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'बॉम्बे ब्लड ग्रुप' ह्या नांवानें पुढें जगभर ओळखला गेलेला दुर्मिळ रक्तगट प्रसिद्ध केला. असा मनुष्य साध्या परीक्षेंत ओ गटाचा भासतो. परंतु ए अथवा बी गटाचें बीज त्याच्या ठायीं सुप्त असूं शकतें व तें अपत्यांत प्रकट होतें. अशा एखाद्या पित्याच्या वांट्यास केवळ परीक्षकाच्या अज्ञानामुळें अपत्यास, आणि अपत्याच्या वांट्यास पित्यास, मुकण्याचा प्रसंग आला असता. परीक्षा खोटी नव्हती. तिचें वाचन अपुरें होतें.

१० सप्टेंबर १९८४ रोजीं इंग्लंडांतील लेस्टर येथें ॲलेक जेफ्रीज ह्यांना डीएनएच्या ठशांचा शोध लागला, आणि पुढल्याच वर्षीं मूळच्या घाना देशांतील एका मुलाचें त्याच्या आईशीं असलेलें नातें त्या योगें सिद्ध होऊन त्याला इंग्लंडांत राहतां आलें. हिंदुस्थानांत हैदराबादेस डॉ. लालजी सिंग ह्यांनीं हें तंत्र स्वतंत्रपणें उभें केलें, व केरळांतील तेल्लिचेरीच्या एका पितृत्वाच्या वादांत तें न्यायालयापुढें आलें.

ह्या परीक्षेचें तत्त्व कोणाही सुशिक्षित गृहस्थास कळण्याजोगें आहे. आपल्या पेशींतील गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांपैकीं प्रत्येक जोडींतील एक आईकडून व एक बापाकडून आलेलें असतें. त्यांवर कांहीं ठिकाणीं एकच लहानसा तुकडा पुनःपुन्हां आलेला असतो. कोणाच्या ठायीं आठ वेळां, कोणाच्या बारा वेळां. अशीं वीसएक ठिकाणें निवडून मोजदाद करतात. मुलाच्या प्रत्येक दोन संख्यांपैकीं एक आईच्या संख्यांशीं जुळली पाहिजे. उरलेली पित्याकडून आलेली असणार. ती कथित पित्याजवळ नसेल, आणि असें अनेक ठिकाणीं आढळेल, तर तो पिता नव्हे. एखाद्याच ठिकाणची तफावत मात्र निर्णायक मानीत नाहींत. कारण बीज पुढच्या पिढींत उतरतांना नक्कल चुकण्याचा प्रकार प्रत्येक ठिकाणीं सुमारें हजारांत एकदोन वेळां होतोच. म्हणून दोनतीन ठिकाणीं विरोध दिसल्याशिवाय जाणती प्रयोगशाळा 'नाहीं' म्हणत नाहीं.

'होय' ह्या उत्तराचें स्वरूप अधिक सूक्ष्म आहे. अहवालांत शंभर टक्के असें कधींच लिहिलेलें नसतें, ९९.९९ किंवा त्याहून अधिक असा आंकडा असतो, आणि पुष्कळांस तेवढ्या उण्यामुळेंच शंका येते. वस्तुतः तो प्रामाणिकपणा आहे. हा पुरुष पिता असेल तर असा मेळ बसण्याचा संभव किती, आणि कोणी परका पुरुष पिता असेल तर किती, ह्यांचें गुणोत्तर प्रयोगशाळा काढते. तें दहा हजार आलें, आणि परीक्षेपूर्वीं दोन्ही पक्ष सारखेच संभवनीय होते असें धरलें, तर ९९.९९ हा आंकडा निघतो. पण इतर पुराव्यावरून तो पुरुष पिता असणें आधींच शंभरांत एक इतकें असंभाव्य असेल, तर त्याच गुणोत्तरानें खात्री ९९ टक्क्यांवर येते. शिवाय 'परका पुरुष' ह्या शब्दांत सारी मेख आहे. वाद भावाभावांमधील असेल तर हें गणित निराळें मांडावें लागतें, कारण सख्ख्या भावांत निम्मा वारसा समान असतो; आणि जुळ्या भावांपैकीं अगदीं एकरूप असलेल्यांत तर नेहमींची परीक्षा भेदच करूं शकत नाहीं. म्हणून प्रयोगशाळेस आधीं खरी परिस्थिति सांगितली पाहिजे.

हें साधन १७७६ सालीं असतें तर ? भाऊसाहेबांचा देह नव्हता; पण बापाकडून मुलग्याकडे जवळजवळ जसेंच्या तसें उतरणारें वाय गुणसूत्र पुरुषपरंपरेच्या सर्व शाखांत एकच असतें. भाऊसाहेब हे चिमाजीआप्पांचे पुत्र आणि रघुनाथराव हे बाजीरावांचे. दोघांचे वडील सख्खे भाऊ. रघुनाथराव त्या वेळीं हयात होते. त्यांच्या रक्ताच्या एका थेंबानें तोतयाचें बंड पहिल्याच दिवशीं संपलें असतें ! आणि सवाई माधवरावांविषयीं तीच गोष्ट. ज्या पुतण्याच्या पुत्राचा जन्म रघुनाथरावांचा पक्ष खोटा म्हणत होता, तो पेशव्यांच्या कुळांतला कीं बाहेरून आणलेला, हें सांगणारा साक्षीदार रघुनाथरावांच्याच नाडींत वाहत होता.

हें केवळ कल्पनारंजन नव्हे, ह्याचा दाखला युरोपांत घडला. १९१८ सालीं रशियाच्या झारचें कुटुंब मारलें गेल्यावर, आपण त्याची कन्या ॲनास्तासिया आहों असें सांगणारी एक स्त्री पुढें आली. झारच्या आप्तांत तिच्यामुळें दोन तट पडले. जर्मन न्यायालयांत हा वाद १९३८ पासून १९७० पर्यंत चालला, आणि अखेर तिचा दावा सिद्धही झाला नाहीं व खोटाही ठरला नाहीं. १९८४ सालीं ती अमेरिकेंत वारली. तिच्या एका शस्त्रक्रियेच्या वेळीं रुग्णालयानें ठेवलेला शरीराचा लहानसा तुकडा १९९४ सालीं तपासला, तेव्हां तिचें झारच्या घराण्याशीं नातें नसून एका पोलिश घराण्याशीं असल्याचें दिसलें. तीस वर्षांची उलटतपासणी जें करूं शकली नाहीं, तें एका तुकड्यानें केलें. कारण त्या तुकड्याला गादी नको होती.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. रक्त खोटें बोलत नाहीं हें खरें. पण रक्त स्वतःच्या पायांनीं प्रयोगशाळेंत चालत जात नाहीं. तें कोणीतरी काढतो, कुपींत भरतो, चिठ्ठी लावतो. पुरंदरावर मूल बदललें अशी जी आवई उठली, तसा बदल आज कुपीचा होऊं शकतो. म्हणून अहवाल हातीं आला असतां आधीं आंकडा पाहूं नये. आधीं हें पाहावें कीं, नमुना कोणासमक्ष घेतला, देणाऱ्याची ओळख पटवून सही व छायाचित्र घेतलें कीं नाहीं, मोहोर कोठें फुटली, प्रयोगशाळेस शासनमान्य प्रमाणपत्र आहे कीं नाहीं, आणि आईचा नमुना घेतला होता कीं नाहीं. घरच्या घरीं, कोणाच्या नकळत, कंगव्यावरचे केस धाडून मागविलेलें उत्तर विज्ञानाच्या दृष्टीनें कदाचित् बरोबरही असेल. पण न्यायाच्या दृष्टीनें तें पहिल्या चौकशीप्रमाणेंच अधांतरीं राहतें. संशय उरलाच, तर दुसऱ्या, अगदीं स्वतंत्र प्रयोगशाळेंत नव्यानें नमुने देणें हाच मार्ग.

नागपूरकडील एका दांपत्याच्या पोटगीच्या खटल्यांत हेंच घडलें. नागपूरच्या प्रयोगशाळेनें पति हा मुलीचा पिता नसल्याचें कळविलें. पत्नीनें त्या अहवालावर अविश्वास दाखविला. तेव्हां न्यायालयाच्या हुकुमानें हैदराबादेस फेरपरीक्षा झाली व उत्तर तेंच आलें. ६ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कायद्याचें गृहीतक व विज्ञानानें सिद्ध झालेलें सत्य ह्यांचा विरोध आल्यास गृहीतकानें मागें सरावें. परंतु ह्या निर्णयाचा सर्रास आधार घेऊन प्रत्येक संशयी नवऱ्यानें मुलाचें रक्त मागावें असा त्याचा अर्थ नव्हे. पुण्याकडील एका प्रकरणांत २०२३ सालीं त्याच न्यायालयानें, पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्याची जवळची वाट म्हणून मुलाची परीक्षा मागतां येणार नाहीं, असें बजावलें. ११२ वें कलमही मावळलें नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांत तें ११६ वें कलम होऊन बसलें आहे.

ह्या दोन निर्णयांत विरोध पाहणारे पाहतात. आम्हांस त्यांत शहाणपण दिसतें. परीक्षेवर विश्वास ठेवणें म्हणजे तिला विचारलेल्या प्रश्नाचें तिनें दिलेलें उत्तर मानणें. न विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें तिच्या तोंडीं घालणें नव्हे. बीज कोणाचें, एवढेंच ती सांगते. आई कशी होती, संसार कां मोडला, दहा वर्षें ज्या बोटाला धरून मूल शाळेंत गेलें तें बोट कोणाचें, ह्यांविषयीं ती मुकी आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड ह्याच्या सांगाड्याची परीक्षा २०१४ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां मातृपरंपरेनें तो सांगाडा त्याचाच असल्याचें ठरलें. पण पुरुषपरंपरेनें त्याच कुळांतले समजल्या जाणाऱ्या विद्यमान पुरुषांशीं त्याचें वाय गुणसूत्र जुळलें नाहीं. मधल्या शतकांत कोठेंतरी बाप म्हणून नोंदलेला पुरुष बीजानें बाप नव्हता. तेवढ्यानें त्या मधल्या पिढ्यांचें पुत्रत्व इतिहासानें रद्द केलें नाहीं, व करण्याचें कारणही नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं औरसाच्या जोडीला दत्तकादि अनेक पुत्र मानले, ते बीज व पुत्रत्व ह्यांतला हा फरक ओळखूनच.

तेव्हां ज्या घरांत हा प्रश्न उभा राहील, त्या घरानें परीक्षेपूर्वींच स्वतःस विचारावें कीं, उत्तर कांहींही आलें तरी तें ऐकण्याची आपली तयारी आहे काय, आणि त्याचा भार कोणाच्या शिरावर पडणार आहे ? वारसाहक्काचा वा पोटगीचा खरा तंटा असेल, किंवा मूल मोठें होऊन आपलें मूळ जाणूं इच्छित असेल, तर ही साक्ष अवश्य काढावी, विधिपूर्वक काढावी, आणि मग ती मानावी. नुसत्या किल्मिषापायीं मात्र ती काढूं नये. तोतयाच्या चौकशींत निदान तोतया प्रौढ होता व आपल्या पायांनीं येऊन दावा सांगत होता; येथें ज्याची चौकशी होते त्या बालकानें कसलाच दावा मांडलेला नसतो.